कोऱ्या नळीतला माणूस

आमच्या प्रयोगशाळेत एक माणूस मेल्यानंतरही कामावर येत राहिला. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. आमच्याकडे कुणाचंच नाव येत नाही. नळीवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावर क्रमांक, आणि सोबतच्या कागदावर चार ओळी. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: पुरुष, वय एकेचाळीस, तालुका मावळ, औषधोपचार नाही. त्या ‘नाही’खाली कुणीतरी दोनदा रेघ ओढली होती, कारण उपचार देऊ केले होते आणि त्याने ते घेतले नव्हते. का घेतले नाहीत हे कागदावर नव्हतं. काही महिन्यांनी तो गेल्याचं पत्र आलं. जाण्याआधी त्याने सही करून ठेवली होती की माझं उरलेलं रक्त तुमच्या कामासाठी वापरा.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एचआयव्हीचा विषाणू स्वतःची नक्कल करतो आणि नक्कल करताना चुका करतो. बहुतेक चुकांचं काही होत नाही, पण एखादी त्याच्या पथ्यावर पडते आणि चालू असलेलं औषध त्याच्यावर चालेनासं होतं. मग डॉक्टर रक्त आमच्याकडे पाठवतात आणि विचारतात, ह्या माणसाच्या अंगात कुठला विषाणू आहे आणि त्याने कुठल्या चुका साठवल्यात. आम्ही रक्तातून विषाणूचा आराखडा बाहेर काढतो, यंत्रात त्याच्या कोट्यवधी नकला करून घेतो आणि मग दुसऱ्या यंत्रावर त्या अक्षर अक्षर वाचतो. अक्षरं चारच, पण ओळ हजारावर अक्षरांची. शेवटी ती ओळ आधीच्या ओळींशी ताडून एक झाड काढतो. जे विषाणू एकमेकांच्या जवळचे, ते एका डहाळीवर बसतात.

प्रत्येक खेपेला रुग्णांच्या नळ्यांबरोबर आमच्या दोन नळ्या असतात. एकीत ओळखीचा विषाणू घालायचा, म्हणजे सगळं नीट चाललंय हे कळतं. दुसरीत नुसतं पाणी. तिच्यात काहीच उमटता कामा नये. तिला आम्ही कोरी नळी म्हणतो. ओळखीचा विषाणू म्हणून आम्ही त्या एकेचाळीस वर्षांच्या माणसाचा वापरत होतो, कारण औषध कधी लागलंच नसल्यामुळे त्याची ओळ साधी, स्वच्छ होती. मी त्याला ‘भाऊ’ म्हणायचे. सकाळी डबा ठेवला, कोट चढवला की म्हणायचे, चला भाऊ, कामाला लागू. सहकारी म्हणून तो चांगला होता. रजा मागायचा नाही आणि चहाची वेळ झाली म्हणून गायब व्हायचा नाही.

प्रयोगशाळा लोणावळ्यात, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. खालच्या मागच्या अंगणात कुणीतरी चिक्कीसाठी गूळ उकळायचं आणि दुपारी तो वास जिन्यातून वर यायचा. मी वडगाव मावळहून लोकलने येत असे. आमचे सर तळेगावचे. शिवाय दोन मुली होत्या, नवीन, हुशार आणि माझ्यावर वैतागलेल्या. त्याला कारण होतं. आमच्या कामात एक नियम सगळ्यांच्या वरचा असतो. खोल्या दोन. पहिल्या खोलीत रक्तातून आराखडा काढायचा, तिथे नकला नसतात. दुसऱ्या खोलीत नकला होतात, त्या एका थेंबात एवढ्या असतात की नळीचं झाकण उघडलं तरी हवेत सुटतात. म्हणून पहिलीतून दुसरीत जायचं, दुसरीतून पहिलीत काहीही आणायचं नाही. कोट वेगळे, चपला वेगळ्या, पेनंसुद्धा वेगळी. थेंब मोजून उचलायचं जे साधन असतं, पिपेट, ते पहिल्या खोलीचं हिरव्या पट्टीचं आणि दुसऱ्या खोलीचं लाल पट्टीचं. कुणी चुकून लाल खोलीतली वही हिरव्या खोलीत आणली की मी दोन दिवस ऐकवत असे. नाकाने कांदे सोलण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि तरीही जे झालं ते माझ्या हातून झालं.

माझे अब्बा वडगावात शिंपीकाम करायचे. शाळेचे गणवेश, पिशव्या, उशांचे अभ्रे. खंडेनवमीला बाजारपेठेतली सगळी दुकानं आपापली हत्यारं पुसून मांडायची, तसे अब्बाही सकाळी शिलाई मशीन पुसायचे. मऊ सुती फडक्याने, आधी चाक, मग सुईची मान, मग खालचं पायडल. वर झेंडूची एक माळ. कुणी चिडवलं तर म्हणायचे, “पूजा तुमची, मान माझा. हिच्यावर घर चालतं.” त्या दिवशी ते मशीन चालवत नसत. मी लहानपणी ते फडकं धरून उभी राहायचे आणि मला ते काम फार आवडायचं.

प्रयोगशाळेतही खंडेनवमी होते. सर दरवर्षी मधल्या पॅसेजमध्ये टेबल टाकायचे, त्यावर एक मोडकं पिपेट, एक जुनी नोंदवही, दोन फुलं आणि पेढे. त्या वर्षी सर सणाला गावी गेले होते आणि मांडणी माझ्याकडे आली. मला ते मोडकं पिपेट बघून राग आला. वर्षभर ज्यांनी राबायचं ती आत, आणि मान मोडक्याला. हा कुठला न्याय. शिवाय हिरव्या खोलीसाठी नवी पिपेट आली होती, त्यांचा पहिलाच दसरा. मी दोन्ही खोल्यांतली सगळी बाहेर आणली. घरून अब्बांच्या पेटीतलं एक फडकं आणलं होतं. आधी लाल पट्टीची पुसली, कारण ती जास्त वापरलेली. मग हिरव्या पट्टीची. हळदकुंकू वस्तूंना लागू नये म्हणून कागदावर वाहिलं, फुलंसुद्धा लांबून ठेवली. मुलींनी फोटो काढले. मग पट्ट्या बघून प्रत्येक पिपेट ज्या त्या खोलीत परत ठेवलं, एकही इकडचं तिकडे झालं नाही. मी स्वतः दोनदा मोजलं. फडकं घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं आणि पेढा खाल्ला.

दसऱ्यानंतर आठवड्याने तिचं रक्त आलं. कागदावर: स्त्री, वय चौतीस, तालुका मावळ, औषधं आठ वर्षं, विषाणू वाढतोय. सोबत डॉक्टरांचा प्रश्न होता, नेहमीचाच, पण तिच्या बाबतीत सगळं त्या प्रश्नावर अडलं होतं. औषध निकामी झालंय की बाई गोळ्या घेत नाही? विषाणूने चुका साठवल्या असतील तर औषध बदलायचं. विषाणू साधाच असेल तर अर्थ असा की औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणजे बाई घेत नाही. मग औषध तेच ठेवायचं आणि बाईला समजवायचं. आमच्या एका कागदावर ती खरी की खोटी हे ठरणार होतं, आणि तिला कुठलं औषध मिळणार हेही.

तिची ओळ साधी निघाली. अगदी स्वच्छ, एकही चूक नाही.

मी झाड काढलं. ती भाऊच्या डहाळीवर बसली होती. हजारावर अक्षरांत फक्त दोन वेगळी. नियम असा आहे की ओळखीच्या नळीच्या इतकं जवळ काही आलं तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा आणि सगळं पुन्हा करायचं. पण त्या दिवशी कोरी नळी कोरीच होती. दोन अक्षरांचा फरकही होता. आणि दोघं मावळातले होते. मी खुर्चीत मागे टेकले आणि मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे असं आहे तर.

हे लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. पाच मिनिटांत मी त्या दोघांची ओळख करून दिली, त्यांना भेटवलं, कुठे भेटले असतील तेही ठरवलं. तो हट्टी, औषध न घेणारा. ती त्याच्यामागे जाणारी, तीही घेत नसणार. जिला मी कधी पाहिलं नव्हतं त्या बाईची अब्रू मी रंगीत पडद्यासमोर बसून काढली आणि अहवालावर सही केली.

वडगावच्या उपचार केंद्रातल्या समुपदेशक बाईंचा फोन आला. त्या रुग्णांशी बोलतात, धीर देतात, गोळ्यांचा हिशेब ठेवतात.

“मॅडम, नक्की ना? ती शपथेवर सांगते, एक दिवस चुकवला नाही म्हणून. रिकाम्या डब्या घेऊन आली होती, फडक्यात बांधून.”

“गोळ्या फेकल्या तरी डबी रिकामीच होते,” मी म्हटलं.

“रडत होती हो.”

“शपथेला अक्षरं नसतात, मॅडम. ओळीला असतात.”

हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं की मी ते दुपारी मुलींनाही ऐकवलं.

पुढचं सावकाश सुरू झालं. नोव्हेंबरात एका खेपेला कोऱ्या नळीच्या जागी, जिथे नकला असल्या तरच रेघ उमटते, एक फिकट रेघ दिसली. मी पाणी फेकलं, नवीन आणलं. पुढच्या खेपेला काही नाही. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा, आणि जरा गडद. टेबलं ब्लीचने धुतली, रसायनांच्या बाटल्या बदलल्या, मुलींना रडवलं. दोन खेपा स्वच्छ गेल्या, तिसऱ्या खेपेला रेघ परत. सर म्हणाले, सापडेपर्यंत एकही अहवाल जाणार नाही. काम थांबलं. रोज नुसतं पाणी लावायचं आणि पाण्यात कोणी येतं का ते बघत बसायचं, एवढंच उरलं.

बंद प्रयोगशाळा मी त्याआधी पाहिली नव्हती. यंत्रं चालू असतात, गोठवणाऱ्या कपाटाचा घुं घुं आवाज येत राहतो, आणि कामच नाही म्हणून तो ऐकू येतो. डिसेंबरात घाटातून धुकं वर येतं आणि अकरा वाजेपर्यंत काचांना चिकटून असतं. मी हिरव्या खोलीत एकटी बसून पाण्यात पाणी घालत असे. स्वच्छ कोट, नवे हातमोजे, नवीन पाणी, आणि तरी दर दोन-चार नळ्यांत कुणीतरी. एकदा कोट चढवताना मला वाटलं की माझ्या आधी कुणीतरी तो घातला होता. कोट गार होता. असलं काही मानणाऱ्यांतली मी नाही, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

शेवटी सर म्हणाले, “पाणी वाचून बघा.” म्हणजे त्या फिकट रेघेतल्या नकला अक्षरयंत्रावर लावायच्या. रुग्णाच्या रक्ताऐवजी नुसतं पाणी वाचायला देण्याची माझी पहिलीच वेळ. अक्षरं आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अक्षरांचे रंगीत डोंगर एकामागून एक पडद्यावर सरकत होते, आणि मला ताडून बघायची गरजच पडली नाही. चार वर्षं ती ओळ मी रोज बघत होते, सुरुवातीची वीस-पंचवीस अक्षरं मला पाठ होती.

पाण्यात भाऊ होता.

मी उठून दार उघडलं. पॅसेजमध्ये मुली हलक्या आवाजात बोलत होत्या, खालून गुळाचा वास येत होता, सगळं नेहमीसारखं. मी दार तसंच उघडं ठेवून परत बसले. हा माणूस मेला होता. त्याला जाळलं की पुरलं हेही मला माहीत नव्हतं. आणि तो जिथे कुणीच नसावं तिथे होता, पुन्हा पुन्हा, मी जितकं स्वच्छ करत होते तितका. आमच्या कामात ह्याला एक साधा शब्द आहे, भेसळ. तो शब्द मी त्या दुपारी दहादा स्वतःशी म्हणून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

मग मी दोन महिन्यांतल्या सगळ्या ओळी काढल्या आणि एकच मोठं झाड केलं. त्याच्या डहाळीवर गर्दी होती. तो स्वतः, पाणी, आणखी दोन रुग्ण, आणि ती. त्या दोघांचे अहवाल सरांनी अडवले होते. गेला होता तो एकच, तिचा.

कुठून आला हे शोधायला आम्हाला आणखी दोन दिवस लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खोल्या पालथ्या घातल्या, हवेची झडप उघडून बघितली. शेवटी एका मुलीने घाबरत घाबरत मोबाइल पुढे केला. खंडेनवमीचा फोटो. झेंडूच्या मागे लाल आणि हिरव्या पट्ट्या एका रांगेत. सरांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“कशाने पुसली होती?”

“फडक्याने.”

“दोन फडकी?”

मी खण उघडला आणि ते काढून त्यांच्या हातात देणार होते. त्यांनी हात मागे घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय धरून उभी आहे. अब्बांचं मऊ फडकं, लाल खोलीतल्या नकलांनी भरलेलं, त्यांत प्रत्येक खेपेला असणारा भाऊ सगळ्यात जास्त, आणि त्यानेच मी हिरव्या पट्टीच्या प्रत्येक पिपेटची मान पुसली होती, वरून खाली, मायेने. तिच्या गावाकडे, तिकोणा पेठेला घेतलेलं त्या बाईचं रक्त बसने येता येता बहुधा तापलं असावं. तिचा विषाणू नळीत जेमतेम उरला असेल, आणि त्याच्या जागी जो हजर होता तोच वाढला. ती दोन अक्षरंसुद्धा तिची नव्हती. नकला करताना यंत्रही चुकतं, हे मी मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “पत्र मी लिहितो. फोन तुम्ही करा. आणि रक्त आणायला तुम्हीच जा.”

फोन करायच्या आधी मी थोडा वेळ जिन्यात बसले. एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. भाऊने आयुष्यभर गोळी घेतली नव्हती. त्याचा विषाणू तेच सांगायचा, की ह्या शरीरात औषध आलेलंच नाही. खरं सांगायचा. फक्त ते त्याच्या शरीराबद्दल होतं, आणि मी ते तिच्या नावाने लिहून दिलं होतं. मेलेला माणूस तिच्याविरुद्ध साक्ष देऊन गेला होता, आणि त्याला पिंजऱ्यात मी उभं केलं होतं.

जानेवारीत मी बर्फाचा डबा घेऊन वडगावच्या केंद्रात गेले. घरापासून चालत दहा मिनिटं, आणि तेवढ्यात मला दोनदा परत फिरावंसं वाटलं. बाकावर ती सासूबरोबर बसली होती. मी मनात रंगवलेल्या बाईशी तिचं काहीच जुळत नव्हतं. बारीक, सावळी, पायात पुरुषी चपला, आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरा चट्टा, विषाणू वाढला की येतो तसा. तिचा नवरा ह्याच आजाराने आठ वर्षांपूर्वी गेला होता. त्याच्यापलीकडे तिच्या आयुष्यात कुणी नव्हतं. हे समुपदेशक बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, मी न विचारता. बहुधा माझा आवाज ऐकून.

मी तिच्यासमोर बसले आणि पाठ केलेलं बोलले. आमच्याकडे चूक झाली. तो अहवाल तुमचा नव्हता. दुसऱ्या एकाचा विषाणू तुमच्या नळीत आला. तुम्ही गोळ्या घेत होता, हे खरं असणार. चूक माझी.

ती ऐकत होती. मग सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुमी कशाला वंगाळ वाटून घेता, ताई,” ती म्हणाली. “मीच घेत नसंन.”

“पण तुम्ही शपथेवर सांगितलंत ना?”

“तवा वाटत व्हतं घेती म्हनून. मंग मशीननं सांगितलं न्हाई. मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं? मी लय इचार केला. झोपंत थुकत असंन. न्हाईतर तोंडात धरून इसरत असंन अन् चूळ भरताना जात असंन. माज्या ध्यानात राहत न्हाई, एवढंच.”

“तिचं डोकं ठिकान्यावर न्हाई ऱ्हायलं तवापासनं,” सासू म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. सुनेला घेऊन पहाटेच्या गारठ्यात आली होती, स्वतःची शाल तिच्या खांद्यावर होती. “आता मीच समूर उभी ऱ्हाती. गिळली की तोंड उघडून दावती ती मला. शेजारची आली तर तिलाबी दावती.”

मी पुन्हा सांगितलं. समुपदेशक बाईंनी सांगितलं. कागद दाखवला, सरांची सही दाखवली. ती मान डोलवत राहिली. आपण समजूतदार आहोत आणि समोरचा आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, अशा वेळी माणूस डोलवतो तशी. मग तिने बाही वर केली. मी रक्त घेतलं. मला शीर पटकन सापडेना तर तीच म्हणाली, “हळू घ्या, घाई न्हाई.”

ते रक्त मी बर्फात घालून त्याच दुपारी लोणावळ्याला नेलं. नवीन पिपेट, नवीन सगळं. भाऊच्या नळ्या सरांनी कपाटातून काढून नष्ट करायला दिल्या होत्या, ओळखीची नळी आता दुसऱ्याच कुणाची होती. तिची ओळ आली. ती त्याच्या जवळपासही नव्हती, झाडाच्या पार पलीकडच्या फांदीवर, एकटी. आणि चुका होत्या. एकशे चौऱ्याऐंशीव्या जागी होती, पुढेही होत्या, एकावर एक साठलेल्या. अशा चुका साठायला औषध अंगात असावं लागतं. गोळी घेतलीच नाही तर विषाणूला त्यांची गरजच पडत नाही. म्हणजे तिने घेतली होती. सुरुवातीचं औषध घेतलं, मधे बदलून दिलं ते घेतलं, वर्षानुवर्षं, शेतात, आजारात, नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा घेतली असेल. त्या बाईच्या खरेपणाचा याच्याहून मोठा पुरावा जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. मी पडद्यासमोर बसून रडले. अहवालात मी ठळक अक्षरांत लिहिलं की रुग्ण औषध नियमित घेत असल्याचे दिसते. अशी ओळ आम्ही कधी लिहीत नाही. सरांनी ती खोडली नाही.

औषध बदललं. आता सकाळ-संध्याकाळ दोनदा घ्यायचं.

जुलैत केंद्रातून फोन आला. तिचा विषाणू आता मोजण्याइतकाही राहिला नव्हता. समुपदेशक बाई म्हणाल्या, ती आज येणार आहे, तुम्ही येऊन भेटा, तुम्हालाही बरं वाटेल. माझी सुट्टी होती. मी साडी नेसून गेले, सणाला जावं तशी. वाटेत मी ठरवलं होतं की तिला ती ओळ छापून द्यायची, तिची स्वतःची, आणि बोट ठेवून दाखवायचं, हे बघा, हे अक्षर सांगतंय तुम्ही खऱ्या होता.

ती ओळखू येईना इतकी भरली होती. ओठ स्वच्छ होते. सासूने मला बघताच तिला हाताने पुढे केलं.

“बघा आता. कशी झाली बघा. नीट घेती ना आता. मी समूर उभी ऱ्हाती दोन येळ.”

“औषध बदललं म्हणून गुण आला, आजी,” मी म्हटलं. “आधीचं चालतच नव्हतं तिला. घेत होती ती तेव्हासुद्धा.”

“व्हय, व्हय,” सासू म्हणाली आणि सुनेकडे बघून हसली, लेकराची चोरी सापडल्यावर ती सोडून द्यावी तसं.

मी पर्समधून कागद काढला. त्याच्यावर बोट ठेवलं. सांगितलं. ती वाकून अक्षरांकडे बघत राहिली, आणि मला क्षणभर वाटलं की पोचलं. मग ती सरळ झाली.

“खरंय तुमचं, ताई,” ती म्हणाली. “तुमी तवा कागदावर लिवलं म्हनून तर मी सुधारले. न्हाईतर मेले असते.”

मी कागदाची घडी घातली. पहिल्या बसने निघाल्यामुळे तिची सकाळची गोळी राहिली होती. तिने पिशवीतून डबी काढली, गोळी जिभेवर ठेवली, सासूने दिलेल्या बाटलीतलं पाणी प्याली. गळा हललेला मी पाहिला. तेवढं पुरे होतं. पण ती माझ्यासमोर आली, अगदी जवळ, तोंड पूर्ण उघडलं, जीभ वर उचलली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि तशीच उभी राहिली. बाकावरचे लोक बघत होते. नको म्हणावं, तिचा चेहरा हातांत धरावा, असं मला वाटलं. पण मी बोलल्याशिवाय ती तोंड मिटणार नव्हती, आणि तिला ऐकायचं होतं ते एकच.

मी वाकून आत बघितलं आणि म्हटलं, “ठीक आहे.”